डाव्या हाताची सही

नोएलिना आत्याच्या मरणानंतरच्या शेवटच्या विधीला परपेतुआला वारस म्हणून उभं केलं, तेव्हा सगळ्या कुळादेखत तिच्या अंगावर झाडाच्या सालीचं वस्त्र घातलं, हातात सुरी दिली आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलं, आजपासून हीच नोएलिना. त्या दिवसापासून तिचे सख्खे भाऊसुद्धा तिला आत्या म्हणू लागले. परपेतुआ त्रेपन्न वर्षांची होती. असा मान तिला आयुष्यात कधी मिळाला नव्हता, आणि तो आपल्यालाच मिळणार याबद्दल तिच्या मनात कधी शंकाही नव्हती. आत्याला मूलबाळ नव्हतं. परपेतुआला लहानपणी तिनेच वाढवलं होतं, लग्नाआधी चार शहाणपणाच्या गोष्टी तिनेच सांगितल्या होत्या.

विधीनंतर सतराव्या दिवशी ती ल्यांतोंडे गावाहून पहाटेची गाडी धरून राजधानी कम्पालाला गेली. काम साधं होतं. एकिसा डेअरी या त्यांच्या छोट्या कंपनीत आत्याचे दहा शेअर होते, ते वारस म्हणून आपल्या नावावर करून घ्यायचे. कंपनी निबंधकांच्या कचेरीत खिडकीमागच्या बाईने नाव टाइप केलं, थोडं थांबली आणि म्हणाली, "हे शेअर आता नोएलिना बाईंच्या नावावर नाहीत. चार महिन्यांपूर्वीच दुसऱ्या नावावर झालेत. जोव्हिया कोबुसिंगे."

परपेतुआला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. बाईने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. हस्तांतराचा फॉर्म होता आणि खाली आत्याची सही होती. अक्षरं डावीकडे कललेली, कापरी, पहिलं अक्षर उलटं. ओळखीच्या कुणालाही दाखवली असती, तर त्याने शपथेवर सांगितलं असतं की ही नोएलिनाची सही नव्हे. नोएलिना मिशनच्या शाळेत शिकलेली, तिचं अक्षर छापल्यासारखं असे.

पण परपेतुआने ती सही बघताक्षणी ओळखली. लकव्याने आत्याचा उजवा हात गेला होता. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत एका दुपारी पडवीतल्या चटईवर बसून आत्या डाव्या हाताने नाव लिहायला शिकत होती, आणि कागद सरकू नये म्हणून परपेतुआने तो दोन बोटांनी दाबून धरला होता. पहिलं अक्षर दर वेळी उलटं पडायचं. शेवटी दोघी इतक्या हसल्या की आत्याला ठसका लागला. पडद्यावरचं ते उलटं अक्षर म्हणजे आत्याच होती. तिने स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत, आपले शेअर भाचीला न देता भाचीच्या मैत्रिणीला दिले होते.

"ही माझ्या आत्याची सही नाही," परपेतुआ म्हणाली. वाक्य तोंडातून गेलं आणि मगच तिचं तिला ऐकू आलं.

जोव्हिया आणि ती दोघींनी मिळून बारा वर्षांपूर्वी डेअरी काढली होती. परपेतुआ तेव्हा शाळेत गृहविज्ञान शिकवायची, दही लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. जोव्हिया पलीकडच्या अंकोले भागातली, गुराख्यांच्या घरातली. नवऱ्याच्या दफनाच्या दिवशीच सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं होतं. एक सुटकेस आणि एक वासरू घेऊन ती ल्यांतोंडेत आली होती. हमरस्त्यालगतची जागा आत्याने दिली आणि त्याबद्दल दहा शेअर तिच्या नावावर झाले. उरलेले नव्वद दोघींचे, पंचेचाळीस-पंचेचाळीस. त्या दहा शेअरांचा कुणी बारा वर्षांत विचारही केला नव्हता, कारण दोघींचं कधी मतदानापर्यंत आलंच नव्हतं.

मात्र आतून परपेतुआच्या पोटात दुखायला फार आधी सुरुवात झाली होती. गुराखी दूध घेऊन आले की आधी विचारत, जोव्हिया कुठंय? त्यांच्या भाषेत ती त्यांची थट्टा करी आणि ते दूध पातळ असल्याचं कबूल करून हसत हसत परत जात. परपेतुआने तेच सांगितलं तर भांडण होई. दही परपेतुआचं, नाव जोव्हियाचं. हे सगळं तिने गिळलं. पण आत्या आजारी पडली, आणि परपेतुआ वाफवलेली केळी आणि शेंगदाण्याचं कालवण घेऊन गेली की आत्या म्हणे, "ठेव गं तिथं, जोव्हियाने तुपाची चटणी आणली होती, पोट भरलंय." हे मात्र गिळता येईना. परकी बाई आपल्या आत्याच्या उशाशी बसते, तिची वेणी घालते, तिच्याशी हळू आवाजात बोलते आणि आपण दारात आलो की दोघी गप्प होतात! परपेतुआ घरी येऊन भांडी आपटायची. नवरा लॉरेन्स काही विचारायचा नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात त्याला भांड्यांची भाषा कळू लागली होती.

वकील कसुज्जा यांनी कागद पाहिले आणि त्यांचे डोळे चमकले. ते म्हणाले, कोर्टात गेलात तर नातवंडांच्या काळात निकाल लागेल. निबंधकांना अधिकार आहे, नोंदवहीत खोटेपणाने काही घुसलं असेल तर ते स्वतः काढून टाकू शकतात. दोन तारखांत काम होईल. फक्त तुम्ही प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या की आजारपणानंतर आत्यांना लिहिता येत नव्हतं.

परपेतुआने लिहून दिलं.

त्या रात्री जेवताना लॉरेन्सने सहज विचारल्यासारखं विचारलं, "उपासाच्या दिवसांत मी तुला आणायला आलो होतो ना आत्याकडे, तेव्हा पडवीत तुम्ही दोघी कशावर एवढ्या हसत होता?"

"आठवत नाही," ती म्हणाली. लॉरेन्सने मान हलवली आणि ताटाकडे बघत जेवत राहिला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही, आणि त्याचं न काढणंच तिला जास्त टोचत राहिलं.

निबंधकांच्या कचेरीतली सुनावणी एका लहान खोलीत झाली. उपनिबंधक बाई चष्मा कपाळावर चढवून जुन्या सह्या आणि नवी सही शेजारी शेजारी ठेवून बघत होत्या. जोव्हिया एकटीच आली होती, पिवळ्या पायघोळ गोमेसी झग्यात, वकिलाशिवाय. तिने सांगितलं की आत्याने आपल्या समोर सही केली, साक्षीला दवाखान्यातली नर्स होती. नर्स कुठे आहे? ओमानला कामाला गेली. फोन लागतो का? नाही लागत. उपनिबंधक बाईंनी ते टिपून घेतलं. जोव्हियाने परपेतुआकडे वळून एवढंच विचारलं, "पेतुआ, तुला खरंच वाटतं मी असं करीन?"

"मला काय वाटतं याला काय किंमत? सही बघ," परपेतुआ म्हणाली.

आठवड्याने आदेश आला. सही जुळत नाही, साक्षीदार हजर नाही, म्हणून नोंद रद्द. दहा शेअर पुन्हा नोएलिनाच्या नावावर, म्हणजे तिच्या वारसाच्या ताब्यात. परपेतुआने तो कागद चार वेळा वाचला. ती जिंकली होती. पंचेचाळीस आणि दहा पंचावन्न. तरी मनात पहिला विचार आला तो असा, की आत्याने तरीही ते जोव्हियालाच दिले होते.

पण जोव्हियाही स्वस्थ बसणारी नव्हती. कम्पालाच्या सुनावणीनंतर तिने मसाकाच्या वरिष्ठ कोर्टात अर्ज टाकला होता, बुवेंग्ये नावाचा वकील लावून. आणि निबंधकांचा आदेश निघाला त्याच्या आदल्या दिवशी कोर्टाने हुकूम दिला होता, पुढच्या तारखेपर्यंत सगळं जैसे थे ठेवा. हुकूम मसाकाहून कम्पालाला पोचेपर्यंत निबंधकांनी नोंद खोडलेली होती.

आता जैसे थे म्हणजे कसे? कसुज्जा म्हणाले, आज नोंदवहीत जसं आहे तसं. बुवेंग्ये म्हणाले, कोर्टाने हुकूम दिला त्या दिवशी जसं होतं तसं. निबंधकांच्या कचेरीने पत्र पाठवलं की आमचा आदेश कायद्यानुसार आहे, त्यावर अपील करायचं तर करा. कोर्टाच्या कारकुनाने सांगितलं, आमच्या हुकमाला ओलांडून कुणी काही करील तर त्याचं तो बघेल. परपेतुआने आपला कागद डेअरीच्या फाटकाला लावला. दुसऱ्या दिवशी त्याच्याशेजारी जोव्हियाने आपला लावला. दोन्हींवर शिक्के होते.

बँकेने दोघींपैकी कुणाचीही सही चालणार नाही म्हणून कळवलं. मसाकाच्या दुकानदारांनी विचारलं, माल पाठवायचा हुकूम कुणाचा मानायचा? दूध गार ठेवणारं यंत्र बिघडलं तर दुरुस्तीवाल्याला कामाची चिठ्ठी कोण देणार हे ठरेना, तोपर्यंत टाकीतलं दूध फाटलं. ते दूध मागच्या नाल्यात ओतताना परपेतुआ एका बाजूला आणि जोव्हिया दुसऱ्या बाजूला उभी होती. कारुहांगा नावाचा म्हातारा गुराखी कॅन घेऊन आला, फाटकावरचे दोन्ही कागद त्याने काठीने ठोकून बघितले आणि म्हणाला, "एक कम्पालाचा, एक मसाकाचा. माझ्या गाईला कुठला दाखवू? ती सकाळी पान्हा सोडते, तुमची तारीख बघून थांबत नाही." तो दूध घेऊन पलीकडच्या गावातल्या डेअरीकडे गेला. पंधरा दिवसांत निम्मे गुराखी त्याच्यामागे गेले.

मसाकाला पहिला अख्खा सकाळचा वेळ फक्त याच वादात गेला की हा खटला कुणी ऐकायचा. कसुज्जांनी सांगितलं, निबंधकांनी निकाल दिलाय, तो पटत नसेल तर अपील करावं, नवा दावा कसला? बुवेंग्ये म्हणाले, खोटी सही म्हणजे गुन्ह्याचा आरोप, तो चष्मा वर करून दोन सह्या शेजारी ठेवून ठरत नसतो. न्यायाधीश म्हातारे होते. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, दुपारी जेवून आले आणि साध्या शब्दांत सांगितलं. कागदावर उघड दिसणारी चूक निबंधकांनी जरूर दुरुस्त करावी, त्यासाठीच ती कचेरी आहे. पण एक माणूस म्हणतो सही खोटी, दुसरा म्हणतो खरी, तेव्हा माणसांना समोर उभं करून विचारावं लागतं, आणि ते काम या खोलीचं आहे. दोन दारांनी एकाच घरात शिरलात, म्हणून घरात गोंधळ झाला. आता साक्षी मी ऐकीन.

परपेतुआला त्याची भीती वाटली नाही. जे कम्पालात लिहून दिलं तेच इथे बोलायचं होतं.

आधी जोव्हियाची साक्ष झाली. ती पिंजऱ्यात उभी राहिली, हात पुढच्या लाकडावर ठेवून. बुवेंग्येंनी विचारलं, लकव्यानंतर नोएलिना बाई लिहू शकत होत्या का?

"डाव्या हाताने," जोव्हिया म्हणाली. "मीच शिकवलं त्यांना. रोज संध्याकाळी दूध पोचवून मी त्यांच्याकडे जायची. मी कागद धरायची, त्या लिहायच्या. सुरुवातीला अक्षर उलटं यायचं. त्यांना फार लाज वाटायची, म्हणून माझ्याशिवाय कुणासमोर त्या लिहीत नसत. घरच्या कुणाला तेवढा वेळही नव्हता. त्या म्हणायच्या, जोव्हिया, हा हात तू मला दिलास."

बाकावर बसलेली परपेतुआ तिच्याकडे रोखून बघत होती. जोव्हिया खोटं बोलत नव्हती, हे तिला चेहऱ्यावरून कळत होतं, आणि म्हणूनच ते सोसवत नव्हतं. शेअर घेतलेस ते घेतलेस. तुपाची चटणी, वेणी, हळू आवाजातल्या गोष्टी, सगळं तुझं. आता ती दुपारसुद्धा तुझीच? ती चटई, तो ठसका, दोन बोटांनी धरलेला कागद?

तिचं नाव पुकारलं. तिने बायबलवर हात ठेवला. कसुज्जांनी त्यांचे प्रश्न विचारले, तिने ठरलेली उत्तरं दिली. मग बुवेंग्ये उठले. ते पाऊण तास जुन्या सह्यांबद्दल, दवाखान्याच्या कागदांबद्दल विचारत राहिले आणि ती नाही, माहीत नाही, आठवत नाही म्हणत राहिली. शेवटी ते जवळजवळ खाली बसता बसता म्हणाले, "म्हणजे माझ्या अशिलांनी सांगितलं ते खरंच आहे. आत्या आजारी असताना घरच्या कुणाला त्यांच्यापाशी बसायला वेळ नव्हता. डाव्या हाताने लिहायला त्यांना परक्या बाईनेच शिकवलं."

"तिने नाही शिकवलं," परपेतुआ म्हणाली.

बुवेंग्ये बसता बसता पुन्हा उभे राहिले.

"मी शिकवलं. उपासाच्या दिवसांत. पडवीत. कागद मी धरला होता. ही नंतर आली असेल. आधी मी होते." तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणणं तिला जमत नव्हतं. "पहिलं अक्षर उलटं पडायचं म्हणून आम्ही हसत होतो. ती माझ्यासोबत हसत होती, हिच्यासोबत नाही."

कसुज्जांनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं आणि शांतपणे विचारलं, "बाई, मग फॉर्मवरची ही सही कुणाची आहे?"

परपेतुआने कागदाकडे पाहिलं. आता नाही म्हणायचं तर पडवीतली दुपारही नाही म्हणावी लागणार होती.

"माझ्या आत्याची," ती म्हणाली.

न्यायाधीशांनी त्या दिवशी तिला फार कडक शब्दांत सुनावलं. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल तुमच्यावर वेगळी कारवाई का करू नये, असं विचारलं. शेवटी खरं तुम्हीच बोललात एवढंच तुमच्या बाजूने आहे, असं म्हणून त्यांनी दाव्याचा खर्च तिच्यावर टाकला आणि नोंद पूर्ववत करायचा हुकूम दिला. कसुज्जा तिच्याशी न बोलताच गाडीत बसले.

कोर्टाच्या आवारात आंब्याच्या झाडाखाली लॉरेन्स उभा होता. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. तेवढ्यात जोव्हिया आली. परपेतुआला वाटलं, आता ही टाकून बोलणार, आणि ऐकून घ्यायची तिने तयारी केली. पण जोव्हियाचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

"उपासाच्या दिवसांत?" तिने विचारलं. "मी तर ईस्टरनंतर कागद घेऊन गेले. म्हणजे तिला येत होतं आधीच?"

"थोडंथोडं."

"मला म्हणाली, आजवर प्रयत्नच केला नव्हता." जोव्हिया झाडाच्या बुंध्याला टेकली. "मी उलटं अक्षर बघून हसले तर रडवेली झाली होती. तुझ्यासोबत हसली?"

"ठसका लागेपर्यंत."

जोव्हियाने तोंड फिरवलं. तिलाही काहीतरी लागलं होतं, हे परपेतुआला दिसलं, आणि तिला बरं वाटलं. लगेच त्या बरं वाटण्याची लाजही वाटली, पण बरं वाटणं गेलं नाही.

"शेअर तुला का दिले तिने?" तिने शेवटी विचारलं. हा प्रश्न तिने कम्पालाच्या खिडकीपासून उरात वागवला होता.

"मी मागितले नव्हते, पेतुआ. ती म्हणाली, पेतुआला नवरा आहे, भाऊ आहेत, मेल्यावर पुरायला वडिलांची जमीन आहे. तुला काय आहे? उद्या भांडण झालं तर पेतुआ तुला हाकलून देईल आणि तुला दुसऱ्यांदा सुटकेस घेऊन निघावं लागेल." ती परपेतुआकडे वळली. "मी म्हटलं, पेतुआ तसं कधी करणार नाही."

आत्याने परपेतुआला ओळखलं होतं. तिला वाढवलं होतं, म्हणूनच ओळखलं होतं.

निकालाची प्रत घेऊन कम्पालाला दोघींनाच जावं लागलं. वारस म्हणून एकीची सही हवी होती, भागधारक म्हणून दुसरीची. उपनिबंधक बाईंनी कोर्टाचा शिक्का नीट तपासला, चष्मा कपाळावर चढवला आणि परपेतुआला म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही याच टेबलावर शपथेचा कागद ठेवला होता."

"हो," परपेतुआ म्हणाली. "खोटा होता."

बाईंनी शिक्का मारला. नोंद झाली. परतीच्या गाडीत जोव्हियाने दोन रोलेक्स घेतले, अंड्याची गरम गुंडाळी, आणि एक तिच्या हातात दिला. मसाका मागे पडल्यावर ती म्हणाली की पाच शेअर मी तुझ्या नावावर करते, म्हणजे पुन्हा सारखं होईल. परपेतुआने नको म्हटलं. जोव्हियाला वाटलं, हा पश्चात्ताप आहे, आणि तिने आग्रह केला. पण परपेतुआला ते शेअर जोव्हियाच्या हातून नको होते. ज्या हातून हवे होते, तो हात आता कुणाला काही देणार नव्हता. "तिने तुला दिलेत. ठेव," एवढंच ती म्हणाली.

गुराखी हळूहळू परत आले. कारुहांगा सगळ्यांत शेवटी आला आणि आधी फाटकाकडे बघून घेतलं, कागद नाहीत ना म्हणून. दही पूर्वीसारखं परपेतुआच लावते. मतदानाचा प्रसंग आला की जोव्हियाच्या पंचावन्नाने निर्णय होतो, आणि जोव्हिया त्याआधी तिला विचारते. त्या विचारण्याचाही परपेतुआला कधी कधी राग येतो.

आत्याची कबर वडिलांच्या जमिनीत केळीच्या बागेच्या कडेला आहे. पुण्यतिथीला दोघींनी मिळून ती झाडायची असं ठरलं होतं. पहिल्या वर्षी परपेतुआ एक दिवस आधीच गेली, एकटी, झाडू घेऊन. कबरीभोवतालची माती आधीच स्वच्छ झाडलेली होती, आणि चिखलात जोव्हियाच्या चपलांचे ठसे ताजे होते. परपेतुआने वाकून सगळी जागा पुन्हा एकदा झाडून काढली.